मेंदूतील गाठ आणि घरातली जंताची गोळी

‘आमच्या घरात अंडेसुद्धा शिजत नाही, मग डुकराचा जंत मेंदूत गेलाच कसा?’ फिट आलेल्या रुग्णाचा एमआरआय अहवाल हाती पडला की अमरावती-अकोल्याकडील शाकाहारी घरांतून हा प्रश्न हमखास येतो. अर्धकच्चे डुकराचे मांस खाल्ल्याने पट्टकृमी आतड्यात वाढतो हे खरे. मेंदूत गाठ होते ती मात्र त्याची अंडी पोटात गेल्याने. कृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतून ती पाण्यात, भाजीवर, न धुतलेल्या हातांवर येतात. आपल्या वऱ्हाडात जेवणावर भुरभुरतात तो कच्चा सांभारही त्यातून सुटत नाही. अहवालात या आजाराचे नाव न्यूरोसिस्टिसरकोसिस असे लिहिलेले असते.

जंत म्हटले की घरातील कुणीतरी अल्बेंडाझोल आणून देतो. जंतनाशक दिनी शाळेत मुलांना देतात तीच ही ४०० मिलिग्रॅमची गोळी. तिला काय भ्यायचे, असे वाटते. परंतु मेंदूतील जिवंत गाठ बहुधा शांत असते. औषधाने ती मरू लागली की शरीर तिच्यावर तुटून पडते, भोवती सूज येते, फिट वाढतात, डोके असह्य दुखते. म्हणून आधी स्टेरॉइड सुरू करतात आणि मग अल्बेंडाझोल: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, १० ते १४ दिवस. गाठी दोनहून अधिक असतील तर प्राझिक्वांटेलची जोड देतात. त्याआधी डोळ्यांचा पडदा तपासणे आवश्यक. तेथे गाठ असेल तर या औषधाने दृष्टीला धोका संभवतो. मेंदूला मुळातच फार सूज असेल, तर कृमिनाशक देतच नाहीत.

मेलेली, चुना साठून खड्यासारखी झालेली गाठ असेल तर कृमिनाशकाचा काहीच उपयोग नाही. मारायचे तरी कोणाला? तेथे फिट आवरणारी गोळीच खरे औषध.

ज्येष्ठांच्या बाबतीत माझी काळजी स्टेरॉइडची असते. मधुमेही आजोबांची साखर दोन दिवसांत भडकू शकते, रक्तदाबही चढतो. त्या काळात साखर रोज तपासावी. पूर्वी क्षयरोग झालेला असल्यास तेही आधीच सांगावे. फिटची गोळी सांभाळणाऱ्याने स्वतःच्या हाताने द्यावी आणि फिट थांबल्या म्हणून परस्पर बंद करू नये. घरात कोणाच्या शौचात पांढरे, फितीसारखे तुकडे पडत असतील, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. त्या व्यक्तीचाही उपचार करावा लागतो.