गोळी दिलीत, पुढचे कोण सांगणार?

आणीबाणीच्या गर्भनिरोधक गोळीवर औषधविक्रेत्या सभासदांची पत्रे येतात, त्यांत दोन तक्रारी ठरलेल्या. इन्स्पेक्टर विचारतो, "चिठ्ठी कुठे आहे?" आणि गोळी नेलेली बाई आठवड्याने परत येऊन विचारते, "अंगावरून जातंय, आता काय करू?" पहिली तक्रार रास्त आहे. दुसरीला उत्तर देता येत नाही, असे औषधविक्रेत्याने लिहावे याची मात्र लाज वाटते.

आधी पहिली. लेव्होनॉरजेस्ट्रेलची ही गोळी २००५ मध्ये चिठ्ठीतून मुक्त झाली. पुढे १.५ मिलिग्रॅमची एकच गोळी आली, टीव्हीवर तिच्या राजरोस जाहिराती झाल्या. सरकार स्वतः ती आशा सेविकेच्या हाती देते. म्हणजे आशाने दारात दिली तर कुटुंबनियोजन, आणि फार्मासिस्टने काउंटरवर दिली तर गुन्हा! या गोंधळाचे मूळ एमटीपी किटमध्ये, म्हणजे गर्भपाताच्या गोळ्यांच्या पाकिटात, आहे. परळीचे बेकायदा गर्भपातांचे प्रकरण २०१२ मध्ये गाजले, त्या सुमारास किटच्या विक्रीवर छापे पडले, आणि धास्तावलेल्या अनेक दुकानदारांनी किटसोबत ही गोळीही ठेवणे बंद केले. मिफेप्रिस्टोन-मिसोप्रोस्टॉलने गर्भपात होतो. लेव्होनॉरजेस्ट्रेल बीज सुटणे लांबवते, रुजलेल्या गर्भाला काही करत नाही. हा फरक ज्याला कळत नाही त्याने दुकाने तपासू नयेत. कोणी चिठ्ठीचा आग्रह धरला तर लेखी आदेश मागा. तोंडी दमदाटीवर मान डोलावू नका.

पण अधिकाऱ्यांना बोल लावून आपली सुटका होत नाही. गोळी कागदात गुंडाळून, मान खाली घालून, एक शब्द न बोलता देणारे आपल्यातच आहेत. तीच बाई रक्तस्रावाची तक्रार घेऊन आली की कोणी दुसरी गोळी देतो, कोणी रक्त थांबायला आपणहून नॉरएथिस्टेरॉन देतो. काही महाभाग तर "आता सगळे साफ झाले" म्हणून निरोप देतात. हे सर्वांत घातक, कारण त्या भरवशावर ती चाचणी करत नाही.

गोळीनंतर काही दिवसांत थोडे रक्त जाणे हा औषधाचा परिणाम आहे. ती पाळी नव्हे, आणि गर्भ नसल्याचा पुरावाही नव्हे. पुढची पाळी काही दिवस अलीकडे-पलीकडे होऊ शकते. ठरल्या तारखेपेक्षा आठवडाभर लांबली, किंवा आली तरी नेहमीपेक्षा फारच कमी गेली, तर लघवीची चाचणी करायची. तारीखच नक्की नसेल तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी करायची. पोटात एका बाजूला कळ, चक्कर आणि रक्तस्राव एकत्र असतील तर गर्भनलिकेतील गर्भाची शंका घ्या आणि तत्काळ रुग्णालयात पाठवा. तिथे आपली हुशारी नको.

गोळी देतानाही तीन प्रश्न विचारा. संबंध होऊन ७२ तास उलटले का? उलटले असतील तर डॉक्टरकडे पाठवा. पाच दिवसांपर्यंत तांबी बसवता येते आणि ती गोळीपेक्षा खात्रीची. क्षयाची किंवा फिटची औषधे चालू आहेत का? रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांनी गोळीचा परिणाम घटतो. या चक्रात पुन्हा संबंध येणार का? गोळी पुढच्या संबंधापासून संरक्षण देत नाही, निरोध लागेल. शिवाय दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा डोस घ्यावा लागतो, हेही सांगा.

यात दोन मिनिटे जातात. दुकानात गर्दी असेल तर बाईला कडेला बोलवा, हळू आवाजात सांगा, लग्न झाले का हे विचारू नका. गोळीसोबत चाचणीची पट्टी दाखवा. ती परवडत नसेल तर आरोग्य केंद्रात किंवा आशाकडे मोफत मिळते हे सांगा. भिंतीवर फार्मासिस्टचे प्रमाणपत्र लावले आहे ना? मग हे सांगणे आपलेच काम आहे. या महिन्यापासून ते सुरू करा.