वीस मिनिटांचे इंग्रजी

बँक भरतीची जाहिरात निघाली की सीमाभागातील गावागावांत एकच लगबग सुरू होते. दाखले गोळा होतात, फोटो काढले जातात, अर्ज भरायला पोरे बेळगाव, खानापूर, निपाणी गाठतात. पुढे परीक्षा होते, निकाल लागतो आणि दरवर्षीची तीच कहाणी ऐकू येते. गणित सुटले, बुद्धिमत्तेचे प्रश्नही जमले, पण इंग्रजीत अडले. मग घरात एकच निष्कर्ष निघतो : मराठी शाळेत घातले हीच चूक झाली, निदान धाकट्याला तरी इंग्रजी शाळेत घालू. एका परीक्षेतल्या चार गुणांची शिक्षा अशी गावच्या मराठी शाळेला भोगावी लागते. पट घटतो, वर्ग ओस पडतात. पालकांची तळमळ आम्ही समजू शकतो; त्यांचा निष्कर्ष मात्र आम्हाला मान्य नाही. तो का मान्य नाही, हे सांगण्याआधी परीक्षेत नेमके काय असते ते पाहू.

२०११ पासून बहुतेक सरकारी बँकांची भरती आयबीपीएस या संस्थेच्या सामाईक परीक्षेतून होते. स्टेट बँक आपली परीक्षा वेगळी घेते. लिपिकपदाची पूर्वपरीक्षा शंभर गुणांची असते. त्यात इंग्रजीचे ३० प्रश्न, ३० गुण आणि वेळ २० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला अवघे ४० सेकंद. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. सोडून दिलेल्या प्रश्नाला काही कापत नाहीत. शिवाय प्रत्येक विभागात किमान गुण मिळवावेच लागतात. गणितात पोराने कितीही पराक्रम केला तरी इंग्रजीची तूट त्यातून भरून निघत नाही.

२०२१ साली केंद्र सरकारने बारा सरकारी बँकांच्या लिपिक भरतीची पूर्व आणि मुख्य परीक्षा इंग्रजी-हिंदीबरोबर तेरा प्रादेशिक भाषांतूनही घेण्याचे ठरवले. त्या तेरांत मराठी आहे, कन्नड आहे आणि कोकणीही आहे. निर्णय स्वागतार्हच, पण इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच राहिला. तेव्हा इंग्रजीला वळसा घालून बँकेच्या दारात पोचता येईल, या भ्रमात कोणी राहू नये.

आणखी दोन गोष्टी आमच्या तरुणांनी ध्यानात ठेवाव्यात. ग्रामीण बँकांच्या लिपिक भरतीत पूर्वपरीक्षेला इंग्रजीचा विभाग नसतो आणि मुख्य परीक्षेत इंग्रजी किंवा हिंदी यांपैकी एक भाषा निवडता येते. मराठी मुलाला हिंदी जवळची. असे असून कित्येक जण केवळ माहितीअभावी हा मार्ग सोडून देतात. दुसरी गोष्ट स्थानिक भाषेची. लिपिकपदाचा अर्ज ज्या राज्यातील जागेसाठी करायचा, त्या राज्याची भाषा लिहिता, वाचता, बोलता यावी लागते आणि एका भरतीत एकाच राज्यासाठी अर्ज करता येतो. बेळगावचा मुलगा महाराष्ट्रातील जागेसाठी उभा राहिला तर तेथे त्याची मराठीच कामाला येईल. कर्नाटकातील जागा हवी असेल तर कन्नड यायलाच हवे. भाषेच्या सक्तीला विरोध करणे वेगळे आणि शेजाऱ्याची भाषा शिकणे वेगळे. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलता येणे हा कोणाचाही पराभव नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या तीस प्रश्नांत विचारतात तरी काय? उतारा वाचून उत्तरे देणे, वाक्यातील चूक शोधणे, गाळलेल्या जागा भरणे, विस्कटलेली वाक्ये क्रमाने लावणे आणि शब्दांचे अर्थ. फाडफाड इंग्रजी बोलण्याची परीक्षा येथे नाही. वाक्य कसे उभे राहते हे ज्याला कळते, त्याची ही परीक्षा आहे. आणि वाक्याची बांधणी मूल प्रथम शिकते ते आपल्या मातृभाषेत.

एक उदाहरण घ्या. ‘पुस्तकांची यादी टेबलावर आहे.’ येथे ‘यादी आहेत’ असे कोणी म्हणेल काय? पुस्तके अनेक असली तरी क्रियापद यादीमागे जाते, हे आपल्या कानाला उपजत कळते. इंग्रजीच्या चूक शोधण्याच्या प्रश्नांत हाच सापळा पुन्हा पुन्हा लावलेला असतो. ‘द लिस्ट ऑफ बुक्स’ यापुढे ‘आर’ लिहून ठेवतात आणि पोरे ‘बुक्स’ पाहून फसतात. तेच वाक्य मनात मराठीत म्हणून पाहिले तर चूक लगेच टोचते. ‘अ’ आणि ‘द’ यांचेही तसेच. मराठीत ही उपपदे नाहीत, हे खरे. पण आजीची गोष्ट आठवा : ‘एका गावात एक शेतकरी होता. त्या शेतकऱ्याला दोन मुलगे होते.’ पहिल्यांदा ‘एक’ आणि ओळख झाल्यावर ‘त्या’. उपपदांचे सगळे नियम यात येत नाहीत, पण पहिला धडा येथेच मिळतो.

मराठी जेथे वाट चुकवते, त्या जागाही ओळखून ठेवल्या पाहिजेत. ‘तो सोमवारपासून येतो’ आणि ‘तो पाच वर्षांपासून येतो’, दोन्हीकडे आपण ‘पासून’ म्हणतो. इंग्रजीत मात्र आरंभाचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’ आणि काळाची लांबी सांगायची तर ‘फॉर’. शिवाय आपण येथे साधा वर्तमानकाळ वापरतो, इंग्रजीला ‘हॅज बीन’ लागते. म्हणून ‘ही इज वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ या एका वाक्यात आमची मुले दोन चुका करतात. आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लावतो. इंग्रजीत तेथे काहीच लागत नाही. आपण चार सल्ले देतो, म्हणून ‘ॲडव्हायसेस’ लिहितो; इंग्रजीत सल्ल्याचे अनेकवचन होत नाही. आपण उसने देतो आणि उसनेच घेतो; इंग्रजीत देणाऱ्याचा शब्द ‘लेंड’ आणि घेणाऱ्याचा ‘बॉरो’. बँकेत नोकरी मागणाऱ्याने निदान या दोन शब्दांत गल्लत करू नये!

अशा पंचवीस-तीस जागा एका वहीत मांडून ठेवल्या, तर व्याकरणाच्या प्रश्नांतील पुष्कळ चुका टळतील, असे आम्हाला वाटते. ही वही इंग्रजी शाळेतल्या मुलाला बाजारात विकत मिळणार नाही. ती मराठी येणाऱ्या मुलानेच मराठीशी ताडून करायची आहे.

शब्दसंपत्तीचेही तेच. जाडजूड कोश घेऊन रोज पन्नास शब्द घोकणारी मुले आठवड्यात थकतात. त्यापेक्षा घरात आहे तेथून सुरुवात करावी. बापाच्या पीककर्जाचा कागद, आजोबांच्या मुदत ठेवीची पावती, आईच्या बचत गटाचे पासबुक, हे सारे वाचून काढावे. तारण म्हणजे काय, जामीनदार कोण, थकबाकी कशी वाढते, हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी शिकवायला नको; त्या प्रत्येकाचा इंग्रजी शब्द त्याच कागदावर छापलेला असतो. मुद्दल या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ आणि तत्त्व या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ उच्चाराला सारखे, स्पेलिंगला वेगळे, हे कर्जाच्या कागदावरून जितके पक्के बसेल तितके पाठांतराने बसणार नाही. पुढे रोज इंग्रजी दैनिकातील अर्थविषयक एक बातमी घ्यावी, पाच नवे शब्द वाक्यासकट उतरावेत आणि बातमीचा सारांश चार ओळींत मराठीत लिहावा. सारांश जमला तर उतारा कळला. नाही जमला तर नुसते डोळे फिरले, असे समजावे.

ही रीत नवी नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांच्यासमोर होती. म्हणून तर नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद ही चौकट दोन्ही भाषांत जुळते. पुढे तर्खडकरी भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजी वाक्याचे मराठी करा, एवढाच तिचा मंत्र. त्या पिढ्यांनी इंग्रजी मिळवले ते मराठी टाकून नव्हे.

राहता राहिला प्रश्न सोयीचा. शहरातील शिकवणीची फी आणि रोजचे एसटीचे भाडे अनेक घरांना परवडत नाही. पण गावोगावी आपली वाचनालये आहेत, युवक मंडळे आहेत. कडोली, उचगाव, यळ्ळूर, बेळगुंदी यांसारखी गावे स्वतःच्या बळावर मराठी साहित्य संमेलने भरवतात. मांडव घालण्याची ही हिंमत ज्या गावांत आहे, त्यांना वाचनालयातील एक खोली संध्याकाळी दीड तास उघडी ठेवणे अवघड आहे काय? निवृत्त शिक्षक आणि निवृत्त बँक कर्मचारी कुठल्या गावात नाहीत? त्यांनी आठवड्यातून दोन दिवस द्यावेत. भिंतीवर घड्याळ लावून वीस मिनिटांत तीस प्रश्न सोडवावेत आणि नंतरचा तासभर कोणाचे काय चुकले व का चुकले यावर बोलावे. तो तास मराठीत बोलला जावा. कारण चूक कळते ती आपल्या भाषेत. मुलींसाठी वेळ अशी ठरवावी की त्यांना काळोख पडण्याआधी घरी परतता येईल. नाहीतर वर्ग भरेल आणि निम्मे गाव बाहेर राहील.

इंग्रजी हे भूत नव्हे आणि देवही नव्हे. ते एक अवजार आहे. धार लावली तर कापते. ती धार लावण्याचा दगड प्रत्येक मराठी घरात पडलेला आहे. तो उकिरड्यावर टाकून पोराला नुसते अवजार हाती देणाऱ्या पालकांना आमची विनंती आहे : शाळा बदलण्याआधी एकदा पोराची चुकांची वही मागून पाहा. ती नसेल, तर दोष मराठी शाळेला देऊ नका. वही आजच घाला.