बहात्तरात पोटात असलेल्यांची शुगर मोजा

प्रति,
मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, परभणी



आपलं महाविद्यालय नवं आहे. नव्या दवाखान्याकडे लोक खाटा मागतात, यंत्रं मागतात, आणि ती मागायलाच हवीत. माझी मागणी एका संशोधनाची आहे आणि तिला मुदत आहे.

बहात्तरच्या दुष्काळात जी लेकरं आईच्या पोटात होती, ती आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या आया दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. खायला रेशनची मिलो आणि कामावरची सुकडी. त्या उपाशी पोटात वाढलेल्या माणसांच्या रक्तातल्या साखरेचं पुढे काय झालं, हे पोखर्णीपासून गंगाखेडपर्यंतच्या गावांत बसून मोजता येईल.

हा प्रश्न माझ्या मनातला नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे हॉलंडच्या शहरांत उपासमार झाली. त्या काळात ॲम्स्टरडॅममध्ये पोटात असलेल्यांना पन्नाशीत शोधून काढून तपासलं, आणि १९९८ साली निष्कर्ष छापले. गर्भारपणाच्या मधल्या किंवा शेवटच्या महिन्यांत ज्यांच्या आया उपाशी होत्या, त्यांची ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी मोजलेली साखर इतरांपेक्षा जास्त निघाली. जेवल्यावर वाढलेली साखर स्नायूंनी उचलायची आणि यकृताने आपली साखर सोडणं आवरायचं, असा निरोप इन्सुलिन देतं. निरोप पोचूनही ही मंडळी दाद देईनाशी झाली की त्याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. मग स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडत राहतं, आणि ज्याचं स्वादुपिंड मुळातच कमी ताकदीचं तयार झालं, ते लवकर थकतं. हेल्स आणि बार्कर या संशोधकांनी १९९२ मध्ये मांडलं ते हेच: पोटात अन्न कमी पडलं की मेंदू आधी सांभाळला जातो, कात्री बाकीच्या अवयवांना लागते.

पण लेनिनग्राडचं उत्तर वेगळं आलं. १९४१ ते १९४४ च्या वेढ्यात पोटात असलेल्यांच्या साखरेत असा फरक सापडला नाही. त्याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की हॉलंडमध्ये उपासमारीनंतर लगेच भरपूर अन्न आलं, तर रशियात टंचाई रेंगाळली. शरीराने पोटात ज्याची तयारी केली, तेच पुढे मिळालं. आता सांगा, आपण कोणासारखे? दुष्काळ सरला, पण ताट लगेच भरलं नाही. मग जायकवाडीचा कालवा आला, ऊस आला, ज्वारीच्या भाकरीशेजारी रेशनचा गहू-तांदूळ येऊन बसला. माझ्या मते मराठवाडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि म्हणूनच इथलं उत्तर जगालाही हवं असेल.

असं काम होऊ शकतं हे पुण्यात दिसलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची लेकरं धरून ठेवली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची, पण पुण्याच्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू, चरबी फारशी नाही. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं. आमच्याकडे अजून ‘शुगर खात्यापित्या घरची’ असं समजतात, त्यामुळे वाळक्या शेतमजुराला तपासायचं कोणाला सुचत नाही. जखम चिघळली की मग कळतं.

अडचण वयाची येईल. आमच्या पिढीत निम्म्या वर्गाचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनचा आहे, गुरुजींच्या कृपेने. दाखला बाजूला ठेवा, म्हाताऱ्या बायांना विचारा: हा पोटात होता तेव्हा तुम्ही कोणत्या नाल्याच्या, कोणत्या रस्त्याच्या कामावर होता? महिना नाही सापडला तरी आगेमागे नक्की सांगतील. आणि सख्खी भावंडं शेजारी बसवा. एक दुष्काळाआधीचं, एक दुष्काळात पोटात असलेलं, एक नंतरचं. आई तीच, घर तेच, त्यामुळे तुलना बरीच स्वच्छ होईल. मात्र सांगणाऱ्या त्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. मुदत म्हणालो ती ही.

बोटातून थेंबभर रक्त घेऊन भागवू नका. उपाशीपोटीची साखर ठीक असलेला माणूस ग्लुकोजनंतर दोन तासांनी पकडला जातो, म्हणून दोन्ही वेळा शिरेतलं रक्त घ्यावं लागेल. ज्याची शुगर निघेल त्याचे उपचार त्याच दिवशी सुरू व्हावेत, नाहीतर गाव पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

सुरुवात पोखर्णीतून करा. परभणी–परळी मार्गावर पोखर्णी नृसिंह स्टेशन आहे, विद्यार्थ्यांना येणं सोपं. फक्त एक: या तपासणीत माणसाची सकाळ जाते, आणि सकाळ गेली की त्या दिवसाचं काम जातं. तेवढी रोजी त्याला द्या, आणि अंदाजपत्रकात तो आकडा रसायनांच्या खर्चाआधी लिहा.

आपला,
पोखर्णीचा एक रहिवासी