गवानला वली बनवू नका

सोलापुरात शिक्षणावर कुठलाही जलसा असो, ख्वाजा महमूद गवानचं नाव निघतंच. बिदरचा मदरसा, मातीच्या भांड्यातलं जेवण, चटईवरची झोप. वक्ते त्याला वली करून टाकतात. माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

गवान व्यापारी होता. इराणच्या गिलानहून तो दख्खनमध्ये आला, बहमनी राज्याचा वजीर झाला. पदवी ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा सरदार. वजीर झाल्यावरही त्याने धंदा सोडला नाही. त्याचे गुमास्ते तुर्कांच्या बुर्सा शहरात हिंदुस्थानी कापड विकत. १४७२ मध्ये त्याने विजयनगरकडून गोवा जिंकलं. त्या बंदरात घोडे उतरत. फायदा राज्याचा झाला, तसा समुद्रावर व्यापार करणाऱ्यांचाही झाला. त्याला स्वार्थच नव्हता, असं कसं म्हणणार?

मग त्याचं मोठेपण कशात? फिरिश्ता सांगतो, घरखर्च तो स्वतःच्या व्यापारातून भागवी. जहागिरीचं उत्पन्न फौजेवर आणि गरिबांवर जाई. दोन पैसे, दोन पेट्या. सरदारांनाही त्याने शिस्त लावली. चार तरफांच्या आठ केल्या, तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, जमिनीची मोजणी करवली. दुखावलेल्या सरदारांनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून बनावट पत्र रचलं. १४८१ मध्ये सुलतानाने चौकशी न करता त्याचा शिरच्छेद करवला.

आता आपल्याकडे पाहा. वक्फच्या जागेतला गाळा नात्यातल्या माणसाला नाममात्र भाड्याने जातो. कुणी विचारलं की उत्तर तयार असतं, “साहेब नेक आहेत, हिशेब कशाला मागता?” अहो, नेकी अल्लाह बघेल, आपल्याला पावती बघायची आहे. मुतवल्लीने दरवर्षी वक्फ बोर्डाला हिशेब द्यावा, असं कायदाच सांगतो.

दुसरं उत्तर असतं, “घरातलं बाहेर काढू नका, दुश्मनांना निमित्त मिळेल.” निमित्त आपल्या प्रश्नांमुळे मिळत नाही, झाकलेल्या वहीमुळे मिळतं.

धंदेवाल्यांनी समाजाची खिदमत करू नये, असं मी म्हणत नाही. जरूर करावी, फक्त पेटी वेगळी ठेवावी. गवानला वली म्हटलं की आपण सुटतो, कारण वलीसारखं वागणं आपल्या आवाक्याबाहेरचं. दोन वह्या ठेवणं मात्र कुणालाही जमतं.

पुढच्या जलशात गवानवर भाषण जरूर ठेवा. त्याआधी त्याच मंचावरून ट्रस्टचा गेल्या वर्षीचा जमाखर्च वाचून दाखवा.