आकृतीत न मावणारा रुग्ण

करोनाच्या लाटांत महाराष्ट्रातल्या घराघरांत एक छोटा चिमटा आला. बोटाला लावायचा, आकडा वाचायचा, तो 94 च्या खाली घसरला की खाटेसाठी धावपळ सुरू करायची. त्या आकड्यावर लोकांनी आपल्या माणसांचा जीव सोपवला होता. 2020 च्या डिसेंबरात अमेरिकेतील मिशिगनच्या डॉक्टरांनी बोटावर मोजलेला ऑक्सिजन आणि धमनीतील रक्तात मोजलेला ऑक्सिजन एकमेकांशी ताडून पाहिला. रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी असताना यंत्र मात्र सारे ठीक दाखवते, असे कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा घडत असल्याचे त्यांना आढळले. यंत्रामागचे तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये मांडलेले. त्वचेच्या रंगाची शंकाही नवी नव्हती. तरीही सावळ्या माणसांच्या देशात हे यंत्र वर्गावर्गांत शिकवले गेले आणि ही शंका क्वचितच कोणाच्या वहीत उतरली.

याचे कारण आपल्या प्रश्नपत्रिकेत आहे. ‘पल्स ऑक्सिमीटरचे कार्य आकृतीसह स्पष्ट करा’ हा बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या परीक्षेतला ठरलेला प्रश्न. लाल आणि अवरक्त प्रकाशाचे दिवे, समोर प्रकाश टिपणारा संवेदक, मग प्रवर्धक, शेवटी पडदा. चौकटी आणि बाण नीट काढले की गुण मिळतात. आकृतीत बोटही असते. ते कोणाचे, हे मात्र विचारले जात नाही. जर्नल पूर्ण होते, व्हायवा होतो, केटी न लागता मुलगी पदवीधर होते. पुढे उपजिल्हा रुग्णालयात बाळाला ऊब देणारे वॉर्मर बंद पडलेले दिसते, तेव्हा दोष यंत्रात आहे, विजेच्या कमी-जास्त दाबात आहे की वापरणाऱ्या परिचारिकेला कधी कोणी शिकवलेच नाही यात, हे शोधायचे कसे याचा सराव तिला कुठेच मिळालेला नसतो. अल्प साधनांच्या देशांतील रुग्णालयांच्या नोंदी तपासून 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे 38 टक्के वैद्यकीय उपकरणे बंद अवस्थेत आढळली होती.

या विषयाचे अध्यापन कसे करावे, हा आता केवळ मतमतांतराचा मुद्दा उरलेला नाही. त्यावर पद्धतशीर संशोधन झाले आहे. 1999 मध्ये अमेरिकेत व्हँडरबिल्ट, नॉर्थवेस्टर्न, टेक्सास आणि हार्वर्ड-एमआयटी यांनी मिळून याच कामासाठी केंद्र उभारले. माणूस शिकतो कसा याचा अभ्यास करणारे आणि जैववैद्यकीय अभियंते तिथे एका टेबलाशी बसले. त्यांनी क्रमच उलटा केला. आधी अवघड प्रसंग समोर ठेवायचा, विद्यार्थ्यांना चुकीचे का होईना पण आपले उत्तर मांडू द्यायचे, मग जाणकारांचे ऐकायचे, मग पाठ्यपुस्तक उघडायचे, आणि शेवटी आपले उत्तर सर्वांसमोर पारखून घ्यायचे. शरीरात उष्णता आणि द्रव्ये कशी वाहतात, या विषयाच्या दोन वर्गांची तुलना 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. ज्ञानात दोन्ही वर्गांची प्रगती सारखीच होती. अनोळखी प्रश्नाला नव्याने भिडण्यात मात्र प्रसंगातून शिकलेला वर्ग पुढे गेला. जपानी संशोधक हातानो आणि इनागाकी यांनी 1986 मध्येच सरावाने आलेले कौशल्य आणि बदलत्या प्रसंगाला पुरणारे कौशल्य असा भेद केला होता. रुग्णालयात दुसऱ्या प्रकारचे लागते, कारण तिथे कोणतेच दोन रुग्ण सारखे नसतात.

जॉर्जिया टेक आणि एमरी यांच्या संयुक्त विभागाने आणखी एक पायरी गाठली. वेंडी न्यूस्टेटर आणि नॅन्सी नेर्सेसियन यांनी संशोधन प्रयोगशाळांत ठाण मांडून तिथली माणसे प्रत्यक्षात कशी विचार करतात, कुठे अडतात, कोणाला विचारतात याचे निरीक्षण केले. तिथल्या शिक्षणाला या अभ्यासाने आकार दिला. या विभागाच्या शिक्षणपद्धतीला 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचा गॉर्डन पुरस्कार मिळाला. आमच्या मते यातली मोलाची गोष्ट पुरस्कार नव्हे. शिकवणे हाही संशोधनाचा विषय आहे, असे एका अभियांत्रिकी विभागाने मानले, ही ती गोष्ट. आपल्याकडे प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांवर ठरते. आपल्याच वर्गात काय रुजले आणि काय नाही, हे तपासण्यात वर्ष घालवणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही.

अशा शिकवण्यात एक अडचण आहे आणि ती लपवू नये. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या 2019 च्या अभ्यासात, स्वतः झगडून शिकलेल्या विद्यार्थ्यांनी चाचणीत अधिक गुण मिळवले. पण आपण कमी शिकलो, असेच त्यांना वाटत होते. सफाईदार व्याख्यान ऐकताना सारे समजल्याचा भास होतो. सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्यांचा अभिप्राय घेतला जातो, तेव्हा नवे काही करू पाहणारा तरुण शिक्षक नेमका इथेच खचतो. त्याच्यामागे विभागप्रमुखाने उभे राहायला हवे, आणि विद्यार्थ्यांनाही पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे की हा त्रास शिकण्याचाच भाग आहे.

महाराष्ट्राला हे अगदीच परके नाही. राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या निधीतून 2014 मध्ये आयआयटी मुंबईत ‘बेटिक’ हे केंद्र सुरू झाले. नागपूरचे व्हीएनआयटी आणि पुण्याचे सीओईपी त्यात सहभागी झाले. तिथल्या शिबिरांत डॉक्टर आपली अडचण मांडतात आणि अभियंते, रचनाकार त्यांच्याबरोबर बसून उपाय घडवतात. पण शिबिरात पोहोचतात ते मोजके. साध्या खासगी महाविद्यालयात जागा मिळालेल्या, फीसाठी कर्ज काढलेल्या मुलीपर्यंत हे पोहोचायचे तर ते अभ्यासक्रमात आणि गुणपत्रिकेत आले पाहिजे. दर सत्रात आठवडाभर जवळच्या सरकारी रुग्णालयाची फेरी, तिथल्या एका बंद यंत्राचा मागोवा, त्या कामाला लेखी परीक्षेइतके वजन. यासाठी नवी इमारत लागत नाही. विद्यापीठाचे अभ्यासमंडळ आणि आरोग्य विभाग यांच्यात एक करार लागतो.

सुरुवात पुढच्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेपासून करता येईल. ऑक्सिमीटरची आकृती खुशाल विचारावी. तिच्याखाली एवढेच जोडावे: बाळंतीण सावळी आहे, हात थंड पडले आहेत, नखांना रंग आहे, यंत्र 96 दाखवते आणि तिला धाप लागली आहे. तुम्ही काय काय तपासाल?