‘करण्यात यावी’ला पर्याय

‘बियाण्यास बुरशीनाशकाची व रायझोबियम जिवाणू संवर्धकाची प्रक्रिया करण्यात यावी.’ हरभऱ्याच्या पेरणीआधी या धाटणीची वाक्ये शेतकऱ्यांपर्यंत जातात. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात दोष नाही. मात्र आधी काय चोळायचे, हे त्यातून कळत नाही. दोन्ही एकत्र कालवून लावल्यास बुरशीनाशकाने जिवाणूच मरू शकतात आणि मुळांवर गाठी कमी येतात. तेच असे लिहिता येते : ‘आधी बुरशीनाशक चोळा. बियाणे सावलीत सुकवा. मग पेरणीच्या तोंडावर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम लावा.’ क्रियापदे सुटी केली की लिहिणाऱ्याला क्रम ठरवावाच लागतो.

दिल्लीत इंग्रजीतून लिहिलेली शिफारस हिंदीमार्गे मराठीत उतरली, की ‘किया जाए’चे ‘करण्यात यावे’ होते. दोष केवळ भाषांतराचा नाही. परिपत्रकी मराठीलाही हीच सवय आहे. वास्तविक शेतीच्या क्रियापदांबाबत मराठी श्रीमंत आहे : नांगरणे, वखरणे, कोळपणे, निंदणे, खुरपणे, खुडणे, उफणणे. एवढी हाताशी असताना ‘तण व्यवस्थापन करावे’ असे लिहिले जाते. म्हणजे खुरपावे, कोळपावे की तणनाशक मारावे? ‘व्यवस्थापन’ हा शब्द अहवालात शोभतो, बांधावर नाही.

कृषी मंत्रालयाची एम-किसान ही लघुसंदेश सेवा १६ जुलै २०१३ रोजी सुरू झाली. देवनागरीतील एका लघुसंदेशात ७० चिन्हे मावतात. काना, मात्रा, मोकळी जागा सारे त्यात मोजले जाते. ‘फवारणी करण्यात यावी’ या शब्दांना १९ चिन्हे लागतात, ‘फवारा’ला ५. वाचलेल्या जागेत ‘वारा नसताना’ हे दोन शब्द सहज बसतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आठवले म्हणजे त्या दोन शब्दांचे मोल कळते.

संशोधन-निबंधात कर्मणी प्रयोग योग्यच आहे. प्रयोग कोणी केला यापेक्षा काय आढळले, हे तेथे महत्त्वाचे असते. विस्तारपत्रिकेत मात्र करणारा समोर उभा असतो. ‘फवारा’ हा आज्ञार्थ ज्येष्ठ शेतकऱ्यांना उद्धट वाटेल, असा एक आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. तसे वाटत असेल तेथे ‘फवारावे’ लिहावे. त्यालाही ७ चिन्हेच लागतात.