पाचशे पौंडांची चार गाणी

मुलांच्या छंदावर झालेला खर्च 'वाया' या खात्यात टाकायची आपल्या घरांत फार घाई असते. क्लासची फी भरताना कोणी काही विचारत नाही, पण गिटार म्हटली की लगेच "याचा उपयोग काय?" मैत्रिणींनो, म्हणूनच आज एका जुन्या रेकॉर्डचा हिशोब सांगते. मी पडले कॉमर्सची, मला गाण्याआधी आकडे दिसतात.

इंग्लंडात मँचेस्टरजवळ बोल्टनच्या कॉलेजात शिकणारी दोन मुलं, हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली. त्यांच्या पंक बँडचं नाव बझकॉक्स. रेकॉर्ड कंपन्या सगळ्या लंडनला. त्यांची वाट बघत बसण्यापेक्षा त्यांनी घरच्यांकडून आणि मित्रांकडून मिळून 500 पौंड उसने घेतले. पीटच्या वडिलांचेही त्यात पैसे होते, आणि मला या गोष्टीत सगळ्यात मोठा माणूस तोच वाटतो. 28 डिसेंबर 1976 ला स्टुडिओ घेतला, काही तासांत चार गाणी उरकली आणि जानेवारी 1977 मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' स्वतःच काढली. कव्हरचा फोटोसुद्धा मॅनेजरने साध्या पोलरॉइड कॅमेऱ्यावर काढलेला.

कव्हरच्या मागे काय छापलं होतं? कुठलं गाणं कितव्या प्रयत्नात जमलं आणि नंतर त्यावर काय चढवलं. दुकानातल्या लोणच्याच्या बरणीवर कोणी इतकं खरं लिहीत नाही!

गाणी मी ऐकली. वेग प्रचंड, आवाज खरखरीत, आणि डिव्होटो गातोय की भांडतोय ते कळत नाही. 'बोरडम'मध्ये गिटारचा तुकडा येतो तो फक्त दोन सुरांचा. पुन्हा पुन्हा तेच दोन सूर. पण मन लागतं खरं. पॉलिश केलं असतं तर हा जोर राहिला नसता, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्यांदा 1000 प्रती काढल्या होत्या. पुढे खपल्या सुमारे 16,000. आणि डिव्होटो? रेकॉर्ड निघाली आणि थोड्याच दिवसांत तो बँड सोडून अभ्यासाकडे वळला. "एकदा नाद लागला की शिक्षण बुडालं" म्हणणाऱ्यांनी हेही खात्यावर मांडावं.

प्रत्येक मुलाच्या सोळा हजार प्रती खपणार नाहीत, हे मलाही कळतं. पण लग्नात एका संध्याकाळच्या स्टेजला आपण किती देतो? त्याच्या एका कोपऱ्याएवढे पैसे मुलाला किंवा मुलीला उसने द्यावेत. फुकट नको, उसनेच. वही घालून द्यावी, जमा-खर्च त्यांनीच लिहावा, तोटा झाला तर तोही लिहावा.

आमच्याकडे नातवाची वही सुरू आहे. अट एकच, रात्री नऊनंतर वाजवायचं नाही.